गोळी पोचली

राजमतीकाकू अन्न सोडत चालल्या आहेत हे सगळ्या गावाला कळलं, आणि त्यांच्या मुलीला सर्वांत शेवटी.

त्रिशला पुण्यात होती आणि आईविषयी आपल्याला सगळं ठाऊक आहे अशा समजुतीत होती. तशी समजूत व्हायला कारणही होतं. रोज सकाळी तिच्या मोबाईलवर एक हिरवी खूण यायची आणि खाली एकच शब्द असायचा: पोचली. म्हणजे आईची हाडांची गोळी पोटात पोचली, आई उठलेली आहे, बरी आहे, आता आपण चहा ठेवायला हरकत नाही. हा शब्द त्रिशलानेच निवडलेला होता. तिच्या कंपनीतली मंडळी ‘सेवन यशस्वी’ असलं काहीतरी सरकारी छापाचं लिहायला निघाली होती. ती म्हणाली, मुलगी सुट्टी संपवून हॉस्टेलवर परत गेली की आई फोनवर पहिलं काय विचारते? पोचलीस का? मग तेवढंच लिहा.

त्या दिवशीही खूण हिरवीच होती. आणि दुपारी भरतेशदादाचा फोन आला.

“आईनं भाकरी सोडली त्रिशू. बरेच दिवस झाले. आता भातही नको म्हणती. नुसती पेज आणि ताक.”

“दात दुखत असतील. दाखवलंस का?”

“दात न्हवं गं.” तो जरा घुटमळला. “लोकं म्हणत्यात, काकूंनी सल्लेखना मनाशी धरलीय.”

कृष्णाकाठच्या त्या गावात निम्मी घरं जैनांची. तिथे सल्लेखना म्हणजे काय हे पोरासोरांनाही सांगावं लागत नाही. आयुष्याचं काम झालं असं ज्याला मनोमन वाटतं, तो गुरूंची आज्ञा घेऊन एकेक गोष्ट सोडत जातो. आधी भाकरी-भात, मग दूध-ताक, आणि शेवटी पाणी. घरच्यांच्या णमोकार मंत्रात तो शांतपणे देह ठेवतो. त्रिशलाच्या आजोबांनी तसा ठेवला होता आणि तिला त्याबद्दल आदरच होता. पण आजोबा नव्वदीचे होते, आई सत्तरीचीही नव्हती. शिवाय आजोबांनी आप्तांना बोलावून, सगळ्यांची क्षमा मागून, उघडपणे व्रत घेतलं होतं. आई कुणाजवळ काही बोललीच नव्हती.

“तू विचारलंस का तिला?”

“विचारलं. न्हाई म्हणती. पण घेतलेला माणूस मिरवतोय व्हय?”

त्रिशला रागानेच गाडीत बसली. आपल्याला न सांगता आई मरायला निघाली आहे, हा राग. वाटेत तिने आईच्या खुणा मागे मागे जाऊन पाहिल्या. एकही दिवस लाल नव्हता. जी बाई जगणं सोडायला निघाली आहे ती हाडांची गोळी इतक्या इमानाने कशाला घेईल, हा प्रश्न तिच्या मनात आला होता. पण राग आला की माणूस हातातला धागा सोडून देतो.

खूण कशी उमटते हे त्रिशलाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, कारण ती यंत्रणा तिनेच उभी केली होती. गोळीच्या पोटात खसखशीएवढा एक दाणा असतो. त्याच्या एका अंगाला तांब्याचा मुलामा, दुसऱ्या अंगाला मॅग्नेशियमचा. शाळेत लिंबात खिळा आणि तांब्याची तार खोचून वीज काढतात ना, तोच खेळ. जठरातलं आम्ल लागलं की दाण्याची घटकाभर बॅटरी होते आणि तो एक बारीकसा ठोका देतो. बरगडीवर चिकटवलेली पट्टी तो ठोका ऐकून उशाजवळच्या पेटीला सांगते, आणि पेटी जगाला. दाण्याचं नाव ‘साक्षी’ ठेवलं होतं.

हाडं ठिसूळ झालेल्या लाखो वृद्धांना सरकारने ही गोळी घरपोच दिली होती. औषध मोठं गुणाचं. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळणाऱ्यांची संख्या चार वर्षांत निम्म्यावर आली होती. पण गुणी माणसासारखंच ते तऱ्हेवाईकही होतं. अगदी उपाशीपोटी घेतलं तरच अंगी लागायचं, म्हणून पेटी सकाळी सहाला उघडायची आणि साडेसहाला बंद व्हायची; तोवर ठोका आला नाही तर खूण लाल उमटायची. वर पेलाभर पाणी प्यायचं आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कारण जठराला आतून जाड, बुळबुळीत अस्तर असतं, त्याला हे औषध चालतं; घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका त्या मानाने उघडी. तिथे गोळी रेंगाळली तर ती जागा भाजून निघते. पेटी हे सगळं रोज गोड आवाजात बजावायची, आणि हिरवी खूण उमटली की गप्प बसायची.

त्रिशला घरी पोचली तेव्हा सोप्यात पाच-सहा बायका बसल्या होत्या. मधोमध पांढऱ्या लुगड्यात आई. वाळून अर्धी झालेली. एक तरुण सून वाकून आईच्या पाया पडत होती.

“अगं, माझ्या पाया कसल्या पडतीस,” आई म्हणत होती. “मी काही नियम घेतलेला न्हाई.”

“हेच की काकू तुमचं मोठेपण,” ती सून म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

बायका गेल्यावर त्रिशलाने दार लोटलं आणि कोंडलेलं सगळं ओकून टाकलं. मला का नाही सांगितलंस? बाबा गेले म्हणून आता आम्ही तुझे कुणी नाही का? आई ऐकत राहिली. मग म्हणाली, “प्रवासातनं आलीस, हातपाय धू. जेवून घे, दिवस मावळायच्या आत.”

“विषय बदलू नकोस. तुला काही आजार नाही, आई. कंपनीच्या डॉक्टरांनी तुझी सगळी नोंद बघितलीय. गोळी रोज खाली जाते. गळ्यात, छातीत काही असतं तर ती गेली असती का?” तिने मोबाईल पुढे धरला. हातच्या कंकणाला आरसा कशाला, अशा तोऱ्यात.

आईने त्या हिरव्या रांगेकडे पाहिलं. “हां,” ती म्हणाली. “ते दिवाळी झाल्यापासनं सांगतीयस तू.”

त्रिशलाला ते ऐकू आलं, पण त्यातला अर्थ काही शिरला नाही.

ती हातपाय धुऊन स्वयंपाकघराशी आली तेव्हा उन्हं कलली होती. वहिनीने तिचं ताट वाढून ठेवलं होतं: ज्वारीची भाकरी, पावट्याची उसळ, शेंगाची चटणी. वहिनी मागे गोठ्यात गेली होती. आई ताटाशी एकटीच उभी होती, दाराकडे पाठ करून. तिने भाकरीचा एक तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला. डोळे मिटून ती तो चावत राहिली. किती वेळ तरी. लहान मूल पेपरमिंट पुरवून खातं तशी. मग तिने ओंजळ तोंडाशी नेली, चावलेला घास हातात काढला आणि मूठ मिटली.

“आई.”

राजमतीकाकू दचकल्या. मूठ पदराखाली गेली. चोरी सापडल्यासारखा चेहरा झाला.

“काही न्हाई गं. चव बघत होते.”

त्रिशला तिथेच उभी राहिली. ज्याने अन्न सोडलं तो असं डोळे मिटून भाकरी चावत नाही, एवढं कळायला यंत्र लागत नव्हतं. तिचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी भीती आली.

“आई, खरं सांग. तू सोडलंयस का अन्न?”

आई चुलीपाशी खाली बसली. “मला भूक लागते गं त्रिशू,” ती म्हणाली. “लई भूक लागते.”

आणि ती रडायला लागली. नवऱ्याच्या प्रेताशीही जिने आवाज काढला नव्हता ती बाई चुलीपाशी बसून रडली. त्रिशला तिच्याजवळ फरशीवर बसली.

“मग खात का नाहीस?”

“उतरत न्हाई.” आईने छातीच्या मधोमध बोट टेकवलं. “हितं येऊन अडतंय. निखारा ठेवल्यागत होतंय. आधी भाकरी अडायची, मग भात अडायला लागला. आता ताकबी घोट घोट घ्यावं लागतंय.”

“मला बोलली का नाहीस?”

“बोलले की. तीनदा बोलले. दरवेळी तू म्हणायचीस, थांब आई, बघते. आणि बघायचीस मोबाईलात.” आईच्या आवाजात ठपका नव्हता, म्हणून तो जास्त लागला. “मग मी म्हटलं, एवढं शिकलेली पोर म्हणती काही न्हाई, तर नसंल. आणि ही लोकं पाया पडायला लागली. न्हाई म्हटलं की जास्तच पडायची. शेवटी मलाच वाटायला लागलं, असंल बाई तसंच, देहच सुटत चालला असंल. पण ज्याचं सुटतंय त्याला भूक लागत न्हाई म्हणत्यात. माझ्या तर स्वप्नात भाकरी येती. लाज वाटायची कुणाला सांगायची.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. भाकरी, मग भात, मग ताक: सल्लेखनेत माणूस ज्या क्रमाने सोडतो, त्याच क्रमाने आईची अन्ननलिका तिला सोडायला लावत होती. आणि सगळ्या गावाने, तिच्या पोटच्या पोरांनीही, एका उपाशी बाईला हात जोडले होते.

सकाळी मिरजेला डॉक्टर शहनाज मुजावर यांच्याकडे ते गेले तेव्हा त्रिशलाच्या मोबाईलवर नेहमीसारखी खूण आलेली होती. उपाशी यायला सांगितलं होतं, पण गोळी तेवढी आईने सवयीने घेतली होती. भरतेश बाहेर बसला, त्रिशला आत. डॉक्टरांनी दुर्बिणीची नळी हळूहळू खाली सरकवली. पडद्यावर गुलाबी बोगदा पुढे पुढे येत होता, आणि मध्येच तो पांढरट, लाल, सुजलेला झाला. समोरासमोर दोन जखमा होत्या. एका जखमेला ओलसर पांढरा लगदा चिकटला होता आणि त्यात काहीतरी चमकत होतं.

“हे काय आहे?” डॉक्टर पुटपुटल्या.

त्रिशलाने ते ओळखलं. पाच वर्षं तिने ते भिंगाखाली पाहिलं होतं. तो तिचा दाणा होता.

तिने मोबाईल काढला. पोचली.

“इथे अन्ननलिकेला शेजारच्या महाधमनीचा दाब असतो,” डॉक्टर नंतर सांगत होत्या. “जागा जराशी आवळलेली. गोळी अडकायची तर बहुधा इथेच. रोज एकाच जागी विरघळली, रोज तीच जागा भाजली. आता तिथे वण धरायला लागलाय आणि वाट चिंचोळी झालीय. अजून थोडे दिवस गेले असते तर ती फाटली असती, आणि मग माझ्या हातात फारसं काही राहिलं नसतं. काकू, गोळीवर पाणी किती पिता?”

“पाणी न्हाई,” राजमतीकाकू म्हणाल्या.

“म्हणजे?”

“दिवस मावळला की दिवस उगवेपर्यंत मला पाण्याचा नियम आहे. लग्न होऊन आले तवापासनं. औषधाची सूट मागून घेतली होती, पाण्याची न्हाई मागितली. गोळी उन्हाळ्यात चालू झाली, तवा बरं होतं. पेटी उघडायची आणि सूर्यबी वर यायचा. दिवाळीनंतर सूर्य येतोय सातच्या सुमाराला, पेटी होती साडेसहाला बंद. मग थुंकीसंगंच गिळायची. थंडी असती, परत वाकळंत शिरायचं.”

त्रिशलाने डोळे मिटले. त्या नियमात ती वाढली होती. दिवेलागणीनंतर आईच्या हातात तांब्या तिने कधी पाहिला नव्हता. पेटीची वेळ ठरवताना तिने देशभरच्या वृद्धांच्या झोपेचे तक्ते अभ्यासले, आणि स्वतःच्या आईचा सूर्य कधी उगवतो हे पाहायला विसरली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बाकीचं मग तिचं तिलाच उलगडलं. आईला जुनी आम्लपित्ताची खोड. कोरडी गोळी छातीत अडकायची, आई आडवी व्हायची, आणि जठरातलं आम्ल वर चढून यायचं. ते दाण्याला लागायचं. दाणा ठोका द्यायचा. तो बिचारा खोटं बोलत नव्हता. मला आम्ल लागलं, एवढंच तो म्हणत होता. कुठे लागलं हे त्याला माहीत नव्हतं. गोळी जठरात पोचली, हे वाक्य त्रिशलाने त्याच्या तोंडी घातलं होतं. कंपनीच्या चाचण्यांत प्रत्येकाने पेलाभर पाणी पिऊनच गोळी घेतली होती, त्यामुळे तिथे ते वाक्य दरवेळी खरं ठरलं.

आईच्या नाकातून बारीक नळी घालून दूध आणि पेज द्यायचं ठरलं. जखमा भरल्यावर चिंचोळी झालेली वाट फुग्याने रुंदावायची, कदाचित पुन्हापुन्हा. पुरता गुण येईलच अशी हमी डॉक्टरांनी दिली नाही. राजमतीकाकूंनी एकच विचारलं: नळीतनं घालायचं ते दिवस मावळायच्या आत घालाल का? मुजावर बाईंनी तशी वेळ लावून दिली.

त्रिशलाने दवाखान्याच्या गच्चीवरून आपल्या वरिष्ठांना, मोडक सरांना फोन केला. मोडक भला माणूस होता. त्याला खरंच वाईट वाटलं.

“पण त्रिशला, त्यांनी पाणी घेतलं नाही. सूचना पाळली नाही.”

“सर, सूचना मोडली तर ओरडायचं काम पेटीचं होतं. पेटी गप्प बसली, कारण आपण तिला गप्प बसायला शिकवलं. गोळी अडकलेली असताना आपण पोचली म्हणत होतो. मी म्हणत होते.”

“तो शब्द आज काढलास तर उद्या लोक घाबरून गोळ्या टाकून देतील. मग खुबे मोडतील. मोडून पडणारीसुद्धा कुणाची तरी आईच असेल ना?”

हे खरं होतं. तिने ते कबूल केलं. पण फोन ठेवल्यावर एक गोष्ट तिला सतावू लागली. आईने तीनदा सांगितलं होतं. आईसारख्या आणखी कुणी सांगितलं असेल? तिने लॅपटॉप उघडला आणि कंपनीकडे आलेल्या नोंदींत छातीत अडतं, घास उतरत नाही, जळजळतं अशा तक्रारी शोधल्या. अकराशेच्या वर निघाल्या. एकीलाही कुणी माणसाने उत्तर दिलेलं नव्हतं. प्रत्येकीखाली यंत्राने तेच ठरावीक वाक्य लिहिलं होतं: गोळी पोचलेली आहे, काळजीचं कारण नाही. आणि तक्रार बंद करून टाकली होती.

ती आज्ञा कुणी लिहिली हे पाहायची गरज नव्हती. तिला ती दुपार आठवत होती. तक्रारींचा ढीग साचला होता, आणि तिने फार विचार न करता एक ओळ लिहून तो निम्मा केला होता. त्याबद्दल तिचं कौतुकही झालं होतं.

तिने मोडकांना परत फोन लावला. “सर, औषध मी थांबवत नाही, तो अधिकार माझा नाही. पण तक्रार आपोआप बंद करणारी ओळ मी काढते आहे. आणि पोचलीच्या जागी लिहिते आहे, ‘आम्ल लागलं. गिळताना दुखतं का?’”

“विचारते आहेस की सांगते आहेस?”

“सांगते आहे.”

“कंपनीची समिती तुला कामावर ठेवणार नाही,” मोडक म्हणाले.

“माहीत आहे.”

तिने ती ओळ पुसली. एका दाबासरशी अकराशे बंद तक्रारी पुन्हा उघडल्या. आणि मग, दुसरं कोण करणार म्हणून, आईच्या खाटेशी खुर्ची ओढून ती एकेकाला फोन करायला बसली.

काम सोपं नव्हतं. पहिले गृहस्थ भांडायलाच उठले. आत्ता कशी जाग आली म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण उद्याच्या उद्या दुर्बीण घालून घेतो, हेही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी मुलाने फोन घेतला. वडिलांचं दुखणं मनाचंच आहे, म्हणून त्यावर औषध चालू केलंय, असं तो म्हणाला. त्रिशलाने त्याला पुन्हापुन्हा समजावलं. तिसरा फोन पाटणकडच्या एका बाईने घेतला. भागीरथी शेलार. आवाज म्हातारा, थकलेला. त्रिशलाने फोनचा आवाज मोठा केला, आईलाही ऐकू जात होता.

“मला काय इचारता बाई,” ती म्हणाली. “तुमच्या पेटीलाच इचारा. ती म्हणती, मला काय बी झाल्यालं न्हाई.”

“पेटीला नाही विचारत, आजी. तुम्हाला विचारते. गिळताना दुखतं का?”

मागे कुठेतरी कोंबडी कलकलत होती.

“सून म्हणती मी सोंगं करती,” बाई अखेर म्हणाली. “खूण तर हिरवीच हाय. म्हंजी माझंच कायतरी चुकत आसंल. जाऊ द्या. ठेवते.”

“आजी, ठेवू नका,” त्रिशला म्हणाली. हेच सगळं तिने स्वतःच्या आईला ऐकवलं होतं. आता दुसरं ऐकवायचं तर ते कुठल्या तोंडाने?

खाटेवरून एक हात पुढे आला. नळीमुळे राजमतीकाकूंना बोलताना दुखायचं, डॉक्टरांनी बोलायला मनाईच केली होती. त्यांनी लेकीच्या हातातून फोन घेतला, तोंडाशी धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या,

“भागीरथीबाई, मी तिची आई बोलतीय. सांगा तुम्ही. आता ऐकती ती.”